शेवटच्या डब्याची पाटी

आमचे सासरे निवृत्त झाले ही बातमी अख्ख्या समता कॉलनीला कळली, फक्त त्यांच्यापर्यंत ती अजून पोचलेली नाही. रायपूरहून धमतरीकडे जी छोटी लाईन जायची, तिच्यावरच्या एका चिमुकल्या स्टेशनाचे ते मास्टर. पुढे ती लाईन शहरातून निघाली, रुळांच्या जागी रुंद रस्ता झाला, त्यावरून आता मोटारी धावतात. पण आमचे सासरे ड्यूटीवरच आहेत. सकाळी उठल्यावर आधी घड्याळ आणि मग देव. आमच्याकडे आठ वाजता नाश्ता होत नाही, आठचा नाश्ता 'येतो'. वेळेवर आला तर ते त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत, कारण वेळेवर येण्यात कौतुक कसलं? उशिरा आला तर मात्र तो उशीर कोणाच्या तरी नावावर लागावा लागतो. रेल्वेत म्हणे उशीर बेवारस राहू शकत नाही. इंजिनाच्या, सिग्नलच्या, गार्डाच्या नाहीतर स्टेशनच्या, कोणाच्या ना कोणाच्या माथी तो मारावाच लागतो. मी लग्न होऊन नाशिकहून या घरात आले, त्याच आठवड्यात एकदा पोह्यांना उशीर झाला. मी घाबरत घाबरत म्हटलं, "गॅस संपला होता, बाबा." त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "ठीक आहे बेटा, मंग गॅसच्या नावावर लावू." आणि शांतपणे पोहे खाऊ लागले. मी आत जाऊन आधी रडले आणि मग हसले. या घरात राहायचं तर असंच राहावं लागणार, हे मला त्या दिवशीच कळलं.

दुसरा नियम निरोपाचा. पाहुण्याची रिक्षा सुटली की आपण हात हलवतो आणि आत येतो. सासरे येत नाहीत. भर उन्हात, डोक्यावर टॉवेल टाकून, रिक्षा कोपऱ्यावर वळून तिची पाठ दिसेनाशी होईपर्यंत ते फाटकात उभे असतात. कारण गाडीच्या शेवटच्या डब्याच्या पाठीवर एक छोटी पाटी असते, तिच्यावर 'एल.व्ही.' अशी अक्षरं असतात. म्हणजे हा शेवटचा डबा. ही पाटी मास्टरने स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची. ती दिसली म्हणजे गाडी पूर्ण गेली. नाही दिसली तर एखादा डबा मागेच सुटून लाईनवर उभा असू शकतो, आणि मग पुढचा अनर्थ विचारू नका. हा नियम त्यांनी माणसांनाही लावला. सदर बाजारात भाच्याची वरात होती. स्कूटरवाल्यांनी मधेच घुसून वरातीचे दोन तुकडे केले. पुढचा तुकडा मांडवाच्या दारात पोचला, व्याही आरती घेऊन उभे, बँडवाले घामाघूम, आणि आमचे सासरे रस्त्यात दोन्ही हात आडवे करून उभे. "वरात पूर्ण आली नाही. थांबा." कोणी म्हणालं, आली की सगळी. ते म्हणाले, "पाठ कुठं दिसली?" आणि खरंच, स्वतः उलटं चालत जाऊन त्यांनी सोनारांच्या दुकानांपाशी अडकलेल्या चार मावश्या, एक आत्या आणि सगळ्यात शेवटी ढकलत आणलेली जनरेटरची गाडी शोधून काढली. जनरेटर मांडवात शिरला तेव्हा मान हलवून म्हणाले, "हव. आता झाली पूर्ण." मगच आरती झाली. मावश्यांनी त्यांना त्या दिवसापासून देवाच्या खालोखाल मानलं.

अशा माणसाला मित्र किती असणार? एकच होता, आणि तो त्याच लाईनच्या गाडीवरचा गार्ड होता. शेजारच्या घरात राहणाऱ्या या गृहस्थांना सगळी कॉलनी गार्डसाहेबच म्हणते. भोसल्यांच्या काळापासून त्यांचं घराणं रायपुरात आहे, त्यामुळे त्यांच्या मराठीत अर्धी हिंदी आणि पाव छत्तीसगडी. स्वभावाने सासऱ्यांच्या अगदी उलट. गाडीत कोणाची म्हातारी चढायची राहिली की गार्डसाहेब शिटी वाजवायला विसरायचे. प्रत्येक स्टेशनवर त्यांचं कोणीतरी भाऊ, कोणीतरी दीदी. पण गाडी सुटताना एक रिवाज असतो: मास्टर फलाटावर हिरवी झेंडी घेऊन उभा राहतो, गार्ड शेवटच्या डब्यातून आपली हिरवी झेंडी दाखवतो. सगळं ठीक आहे, असं दोघांनी एकमेकांना सांगायचं. म्हणजे नोकरीभर सासऱ्यांनी प्रत्येक गाडीचं शेवटचं जे काही पाहिलं, ते या माणसाचा हात होता. दोघांनी प्लॉट शेजारी शेजारी घेतले, घरं एकदमच बांधली, आणि मधल्या भिंतीत येण्याजाण्यापुरती एक फट ठेवली. तिला दार नव्हतं, कारण दार बंद करायचं कारण काय?

हे कारण सासऱ्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी घडलं. त्या दिवशी गार्डसाहेबांनी गाडीतून झेंडूचे हार आणले, पेढे आणले, आणि गाडी फलाटाला लागल्याबरोबर उतारूंना खाली उतरवलं. "मास्टर चालले, एक एक पेढा खाऊन जा," म्हणून डबे रिकामे केले. सासऱ्यांना हार घातला, मिठी मारली, डोळे पुसले. उतारूंनी टाळ्या वाजवल्या. या सगळ्यात गाडी सहा मिनिटं उशिरा सुटली. उभ्या नोकरीत ज्यांच्या स्टेशनाने कधी गाडी अडवली नाही, त्यांच्या शेवटच्या दिवशी सहा मिनिटं! सासऱ्यांनी गळ्यात तो हार तसाच ठेवून पेन उचललं आणि उशीर गार्डच्या नावावर लावला. पुढच्या आठवड्यात गार्डसाहेबांना वरून मेमो आला: गाडी का थांबवली त्याचा खुलासा करा. त्यानंतर सदर बाजारात, देवळात, भाजीवाल्यापाशी, जो भेटेल त्याला गार्डसाहेब एकच वाक्य सांगत सुटले. "मी त्याले हार घातला, अन् त्यानं मले मेमो दिला!" सासऱ्यांपर्यंत ते पोचलं. त्यांचं उत्तर तयार होतं. "हार वेगळा, टाइम वेगळा." चौथ्या दिवशी गार्डसाहेबांनी स्वतः विटा आणून भिंतीतली ती फट बुजवली.

मग सुरू झाला अबोला. गार्डसाहेब व्हरांड्यात बसून मोठ्याने रेडिओ लावायचे, आणि तो मुद्दाम बंद करायचे ते बातम्यांच्या आधी, कारण सासरे बातम्यांवर घड्याळ लावतात. सासरे फाटकाशी उभे असले की गार्डसाहेब मागच्या दाराने जायचे. बायकांनी मात्र या भांडणाला कधी मान्यता दिली नाही. माझ्या सासूबाई आणि गार्डकाकू भिंतीवरून वाट्या देतघेत राहिल्या. मग एका वर्षी गार्डकाकू गेल्या. सासरे स्मशानात गेले, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका बाजूला उभे राहिले, शेवटचा माणूस निघाल्यावर निघाले. गार्डसाहेबांनी त्यांना पाहिलं नाही, किंवा पाहिल्याचं दाखवलं नाही. त्यानंतर शेजारचा रेडिओ बंदच झाला. संध्याकाळ सरली तरी त्या व्हरांड्यातला दिवा लागायचा नाही, आणि आमचे सासरे चहाचा कप हातात घेऊन त्या अंधाराकडे बघत बसायचे. एकदा मला राहवलं नाही. मी म्हटलं, "बाबा, जाऊन या ना एकदा."

"जाऊन काय म्हणू?"

"चुकलं म्हणा."

त्यांनी कप खाली ठेवला. मग अगदी अजिजीने म्हणाले, "पण बेटा, चुकलं कुठं? सहा मिनिट तं झालेच होते ना." आता एवढ्या खऱ्या माणसाचं करायचं काय? मित्र तर परत पाहिजे, त्याच्यावाचून जेवण जात नाही, आणि लावलेला उशीर मागे घेता येत नाही. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त कीव आली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांनी मागच्या बागेत लोखंडी पाइप रोवायला सुरुवात केली. एकापुढे एक, ओळीने, खड्डा खणून, सिमेंट ओतून. प्रत्येकाची उंची माझ्या छातीएवढी. मला वाटलं दुधी-कारल्याचा मांडव होतो आहे. मी बिया आणून ठेवल्या. पाइपांवर जुन्या पलंगाच्या फळ्या चढल्या, फळ्यांवर सुताराकडच्या सागाच्या ढलप्यांतून कापलेले बोटाएवढे स्लीपर, म्हणजे रुळांखालचे आडवे ठोकळे, त्यांच्या खाचांत ॲल्युमिनियमच्या पट्ट्या उभ्या, आणि मधे चाळणीने चाळलेली बारीक गिट्टी. तेव्हा कुठे घराला कळलं की बाबा रेल्वे बांधतात. एवढी उंच का, असं ज्याने त्याने विचारलं. त्याला अधिकृत उत्तर होतं: "गुडघे वाकत नाही ना आता." ते खरंही होतं. पण डोळे मलाही आहेत. फळ्यांची उंची आणि मधल्या भिंतीच्या माथ्याची उंची एक होती, आणि लाईन आमच्या स्वयंपाकघरामागच्या ओट्यापासून निघून थेट त्या भिंतीकडे चालली होती.

बांधकामाला सगळ्यात मोठा विरोध सासूबाईंचा. पहिली हरकत तुळशीची: तुळशीच्या डोक्यावरून गाडी न्यायची नाही. लाईनने तिथे वळण घेतलं. दुसरी पेरूची: फांदी तोडायची नाही. दुसरं वळण आलं. पुढे उन्हाळा लागला आणि सासूबाईंच्या लक्षात आलं की एवढी उंच, सपाट, दिवसभर उन्हातली जागा, जिथे कुत्रं पोचत नाही, ती आयती घरात आली आहे. दुसऱ्या दिवशी सासरे बाहेर येऊन बघतात तर तुळशीपासून पेरूपर्यंत अख्ख्या मार्गावर उडदाचे पापड आणि बिजौरी वाळत पडलेली. बिजौरी म्हणजे तीळ घातलेल्या छत्तीसगडी वड्या. त्या रुळांच्या बरोबर मधे चपखल बसल्या होत्या. मला वाटलं आता प्रलय होणार. पण सासरे म्हणाले, "लाईनवर काम करायचं तं ब्लॉक मागा लागते. असं नाही चालत." म्हणजे अमुक वेळ गाड्या बंद ठेवा, असं आधी सांगून घ्यायचं. सासूबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अहो, गाडी आहे कुठे तुमची? रूळ तं अर्धे टाकून राहिले!" ते म्हणाले, "गाडी नसली तरी नियम असते." शेवटी सासूबाईंनी ब्लॉक मागितला, तो मंजूर झाला, आणि त्या उन्हाळ्यात रोज सकाळी आमच्या घरात नवरा-बायकोत असा संवाद व्हायचा: "पापडाचा ब्लॉक पाहिजे जी." "किती वाजेपर्यंत?" "वाळेपर्यंत." "वाळेपर्यंत असा टाइम नसते. पाच वाजता लाईन मोकळी करा." आणि त्या पाचाला पापड उचलायच्या, बडबडत का होईना.

लाईन भिंतीपाशी पोचली आणि तिथेच थांबली. तोवर गाडीही तयार झाली होती. तेलाच्या पत्र्याच्या डब्यातून कापलेलं इंजिन, त्यात एका जुन्या खेळण्याची मोटर, आणि तांबड्या रंगाचे तीन डबे. शेवटच्या डब्याच्या पाठीला खिळ्यावर अडकवलेली, टिकलीच्या पाकिटाएवढी पत्र्याची पाटी: एल.व्ही. माझ्या मुलीला मराठी समजतं सगळं, पण ती बोलते हिंदीच. ती म्हणाली, "दादाजी, गोल बना देते ना, ट्रेन घूमती रहती." सासऱ्यांनी तिच्याकडे दुःखाने पाहिलं. "गोल गोल फिरणारी गाडी कुठं जाते, पोट्टी? गाडी म्हणजे इथून निघाली अन् तिथं पोचली पाहिजे. तिथं कोणी पाहिजे." भिंतीच्या माथ्यावर त्यांनी एक पितळी घंटी बसवली. तिला दोन दोऱ्या होत्या. एक आमच्या बाजूला, आणि दुसरी तिकडे, गार्डसाहेबांच्या अंगणात सोडलेली.

मग रोज संध्याकाळी सहाला तो सोहळा व्हायला लागला. गाडी ओट्यापासून निघायची, तुळशीला वळसा, पेरूला वळसा, आणि हळूहळू भिंतीपाशी जाऊन उभी राहायची. सासरे आपली दोरी ओढून घंटी वाजवायचे. पुढच्या स्टेशनाने 'लाईन क्लियर' दिल्याशिवाय, म्हणजे पुढची वाट मोकळी आहे असं सांगितल्याशिवाय, गाडीने पुढे पाऊल टाकायचं नसतं. ती परवानगी ते मागायचे. आणि उत्तराची वाट बघत उभे राहायचे. पलीकडे काहीच नव्हतं. रूळ नव्हते, स्टेशन नव्हतं, आणि दोरी ओढणारंही कोणी नव्हतं. काळोख पडायला लागला की ते गाडी मागे घ्यायचे. कॉलनीतले लोक फाटकातून डोकावून हसायचे. आम्ही दोघी, सासूबाई आणि मी, त्या वेळी हटकून मागच्या पायरीवर कोथिंबीर निवडत बसायचो, आणि घंटी वाजली की आमचे हात थांबायचे. गार्डसाहेब त्या वेळेला वरच्या गच्चीवर वाळलेले कपडे काढायला यायचे. रोज. आणि आमच्या बागेकडे पाठ करून एक एक कपडा इतका वेळ लावून घडी करायचे की एकट्या माणसाच्या घरात एवढे कपडे येतात कुठून, असा प्रश्न पडावा.

थंडी लागल्यावर एका संध्याकाळी मी पायरीवर एकटीच होते. गाडी निघायच्या तयारीत होती. सासऱ्यांनी शेवटच्या डब्याची पाटी हातात घेतली, तिच्यावरून अंगठा फिरवला, आणि ती खिळ्याला न लावता सदऱ्याच्या खिशात टाकली. मी म्हटलं, "बाबा, पाटी..." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचा शब्द गिळला. गाडी निघाली. बिनपाटीची. तुळशीला वळसा घालून, पेरूला वळसा घालून भिंतीपाशी थांबली. त्यांनी घंटी वाजवली आणि हात मागे बांधून उभे राहिले.

गच्चीवर गार्डसाहेबांची पाठ होती. ती अर्धी वळली. मग पूर्ण वळली. मग हातातला टॉवेल कठड्यावर आपटला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो आवाज आमच्या बागेत उतरला. "ओ मास्टर! काय चालवून राहिले हे? एल.व्ही. कुठं आहे मागची?"

सासऱ्यांनी सावकाश जाऊन गाडीची पाठ पाहिली, जणू आताच कळतं आहे. "राहिली वाटते."

"राहिली वाटते? अर्धी गाडी मागं सुटली असती तं? वरून दुसरी आली असती तं? कोणाच्या नावावर लावू हे?"

"लावा माझ्या नावावर."

गार्डसाहेब कठड्यावरून वाकले. "तुमच्या?"

"हव. चूक माझी आहे, गार्डसाहेब. मेमो द्या."

हे शब्द मी त्यांच्या तोंडून त्याआधी कधी ऐकले नव्हते. सहा मिनिटांबद्दल ते चुकले नव्हते, म्हणून सहा मिनिटांची माफी त्यांना मागता येईना. तेव्हा या सरळ माणसाने जिची माफी मागता येईल अशी एक चूक आधी केली आणि मग ती माफी मागितली. कोथिंबीर घेऊन मी आत पळाले, आणि लगेच परत आले, कारण पुढचं चुकवायचं नव्हतं. गार्डसाहेब गच्चीवरून नाहीसे झाले होते. सासरे तसेच उभे. बराच वेळ काही झालं नाही. आणि मग भिंतीवरची घंटी हलली, दोनदा, तिकडच्या दोरीने. पाठोपाठ भिंतीमागून आवाज आला, "लाईन क्लियर तं देऊन देली, मास्टर, पण इकडं रूळ कुठं आहे?"

"उद्यापासून टाकतो," सासरे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार्डसाहेबांनी स्वतः घण घेऊन ती बुजवलेली फट फोडली. पाइप न्यायला वाट पाहिजे, असं त्याचं अधिकृत कारण. लाईन भिंतीवरून पलीकडे उतरली, त्यांच्या व्हरांड्यात दुसरं स्टेशन झालं, आणि तो हिवाळा या दोन घरांनी फार सुखात काढला. सहाच्या गाडीने इकडून गरम भजी जायची, तिकडून हिरव्या मिरच्या यायच्या. एकदा गार्डसाहेबांची रक्तदाबाची गोळी आमच्याकडे राहिली, तीही गाडीनेच गेली; हाक मारून देता आली असती, पण मग गाडी कशाला? भांडणंही झाली. गार्डसाहेब भजी खाऊन होईपर्यंत गाडी परत सोडायचे नाहीत आणि सासरे घड्याळ दाखवत बसायचे. पण आता उशीर कोणाच्या नावावर, हा प्रश्न निघाला की दोघंही आळीपाळीने तो स्वतःच्या नावावर ओढायचे. व्हरांड्यातला दिवा पुन्हा वेळेवर लागायला लागला आणि रेडिओवर बातम्या ऐकू यायला लागल्या.

मग गार्डसाहेब न्हाणीघरात पडले. हाड वाचलं, पण नवा रायपुरात राहणारा त्यांचा मुलगा हट्टाला पेटला. एकटं ठेवणार नाही म्हणाला, आणि त्याचं तरी काय चुकलं? नवा रायपूर तसं काही परदेशात नाही. पण तिथले ते लांबलचक रुंद रस्ते, आणि बस म्हणजे येईल तेव्हा येईल. दोन म्हाताऱ्यांनी मनात आलं म्हणून एकमेकांकडे जावं, असं ते अंतर नाही. निघायच्या दिवशी मुलाने गाडी काढली, सामान भरलं, आणि आमचे सासरे फाटकात त्याला म्हणाले, "थांब जरा." त्यांनी झेंडूचा हार सांगून ठेवला होता आणि फुलवाला आला नव्हता. मुलगा घड्याळ बघत राहिला, सासरे रस्त्याकडे बघत राहिले. हार आला, त्यांनी तो गार्डसाहेबांच्या गळ्यात घातला. चांगलाच उशीर झाला होता. कोणाच्या नावावर, ते कोणीच विचारलं नाही. मुलाने पुढचं दार उघडलं, तर गार्डसाहेब म्हणाले, "गार्ड कधी पुढं बसते का, बेटा?" आणि मागे जाऊन बसले. गाडी हलली तशी त्यांचा हात खिडकीतून बाहेर आला. सासऱ्यांनी सदऱ्याखालून जुनी, विटलेली हिरवी झेंडी काढली. ती त्यांनी कधी आणि कुठून शोधून ठेवली होती कोण जाणे. गाडी कोपऱ्यावर वळली, हात दिसेनासा झाला, आणि तरीही ते झेंडी धरून उभेच होते. मी त्यांच्या डोक्यावर टॉवेल टाकला.

त्या संध्याकाळी ते गाडी काढायला गेले आणि हात हलवत परत आले. शेवटच्या डब्याचा खिळा रिकामा होता. बाग पालथी घातली, पेरूखाली शोधलं, सासूबाईंचा पापडांचा डबासुद्धा उघडून पाहिला. शेवटी त्यांनी फोन लावला आणि मी ऐकत राहिले.

"एल.व्ही. पाहिली का कुठं?"

"माझ्याच खिशात आहे," पलीकडून गार्डसाहेबांचा खणखणीत आवाज. "गार्डची वस्तू गार्डपाशीच राहते."

"मंग गाडी कशी चालवू?"

"नका चालवू. मी येतो तेव्हा आणतो."

या गोष्टीला बरेच महिने झाले. पोळ्याला येतो म्हणाले होते, तेव्हा पाऊस फार होता. दिवाळीला येतो म्हणाले, तेव्हा ताप होता. रोज सहाला फोन मात्र असतो. हल्ली तो कधी कधी थोडक्यात आटोपतो, कारण गार्डसाहेबांना बोलताना धाप लागते. मी एकदा सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, तेवढी पाटी तर पत्र्याची. कात्रीने कापून मी देते करून, त्यात काय?" ते रुळांवरची पेरूची पानं झाडत होते. म्हणाले, "एका गाडीले दोन एल.व्ही. नाही राहत, बेटा. ती यायची आहे ना. गाडी अजून पूर्ण झाली नाही." आणि पुन्हा पानं झाडायला लागले. रोज झाडतात, आठवड्यातून एकदा तेल देतात, भिंतीवरची घंटी चिंचेने घासून लख्ख ठेवतात. गाडी ओट्यापाशी उभी आहे.

आता पुन्हा उन्हाळा लागला आहे. गाडी बंद, म्हणून सासूबाई ब्लॉक न मागताच सकाळी लाईनवर पापड घालतात, आणि सासरेही काही बोलत नाहीत. पण काल पाच वाजता, ऊन चांगलं कडक असताना, त्या भराभर पापड उचलायला लागल्या. अर्धे अजून ओलेच होते. मी म्हटलं, "आई, राहू द्या की तासभर, गाडी कुठे येणार आहे?" त्यांनी हातातलं ताट खाली न ठेवता भिंतीपलीकडच्या बंद व्हरांड्याकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "अन् आली म्हणजे?" मग मीही पदर खोचला आणि दुसऱ्या टोकाकडून पापड उचलायला लागले.